बागेला शेकोटी, माणसाला काय?

आपल्या निफाड भागात पारा ५-६ अंशांवर आला की आपण पहाटे उठतो. मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबकनं विहिरीचं पाणी सोडतो. बरोबरच आहे, वर्षाचं पीक आहे.

पण विरळणी-डिपिंगला पेठ-सुरगाण्याहून आलेले मजूर कुठं झोपतात? प्लॅस्टिकच्या पालात, नाहीतर उघड्या शेडमध्ये. सोबत लेकरं. काल पहाटे बागेत गेलो तर एक बाई लेकराला घेऊन शेकोटीपाशी बसलेली. शेकोटी द्राक्षासाठी होती. मला लाज वाटली.

आज शेडच्या तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधली, खाली भाताचा पेंढा टाकला, घरातल्या चार गोधड्या दिल्या. खर्च औषधाच्या एका फवारणीएवढा पण नाही. मात्र बंद जागेत शेकोटी ठेवू नका, धुरानं जीव जातो.

प्रत्येकाकडं शेड नसतं. म्हणून माझं मत, थंडीचे दोन महिने समाजमंदिर रात्री उघडं ठेवावं. ग्रामसभेत मी विषय मांडणार आहे. ऊसपट्ट्यातल्या भावांनो, तुमच्याकडच्या टोळीच्या कोप्या पण एकदा रात्री बघून या.

यात उपकार नाही. त्यांच्या हातांशिवाय आपला घड तयार होत नाही. तुमच्या गावात काय सोय आहे, जरूर लिहा.