जहाजावरील पंगतीचा हिशेब

जलपर्यटनाच्या मोठ्या जहाजांवर दिवसभर पंगत उठत नाहीं. तें वैभव पाहून, तिकिटाचें बहुतेक द्रव्य अन्नावरच खर्ची पडत असेल, असें कोणासही वाटेल. परंतु हिशेब निराळेंच सांगतो. या धंद्यांतील अग्रगण्य कार्निव्हल कंपनीस २०२३ सालीं सुमारें २,१६० कोटि डॉलरांची प्राप्ति झाली. अन्नावर खर्च झाले सुमारें १३० कोटि, म्हणजे शेंकडा अवघे सहा! इंधनास सुद्धां त्याहून अधिक, सुमारें २०० कोटि, लागले.

हें साधतें तें घाऊक खरेदीनें, नेमक्या अंदाजानें व लागेल तेवढेंच शिजविल्यानें. कोणी यास कद्रूपणा म्हणेल. मला तें शहाणपण वाटतें. दोष आहे तो पाहुण्याचा. 'पैसे भरले आहेत ना?' असें म्हणून तो ताट शिगोशीग भरून घेतो आणि अर्धें टाकून उठतो.

अशा जहाजांच्या मुदपाकखान्यांत गोव्याचे व मुंबईचे कितीएक आचारी घरदार सोडून महिनोन्‌महिने राबतात. टाकलेल्या घासाबरोबर त्यांचे श्रमही टाकले जातात. आणि ते श्रम शेंकडा सहाच्या त्या आंकड्यांत कोठेंच दिसत नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, अन्नाची किंमत केवळ पैशांत मोजूं नका. शाळेच्या पुढच्या पंगतीस बसाल तेव्हां, वाढणाऱ्याच्या मुखाकडे एकदां पाहून मगच ताट पुढें करा.