उलटी मोटर, सुलटी जोडणी

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले, की आमच्या गल्लीतल्या मुलांची पावले माझ्या घराकडे वळतात. परवा शेजारचा आठवीतला मुलगा आला. क्रेनची 12 व्होल्टची मोटर त्याला ‘हिंदे-मुंदे’ फिरवायची होती. त्यासाठी त्याने स्कूटरच्या बॅटरीला दोन वेगळी बटणे जोडली होती. चुकून दोन्ही एकदम चालू झाली, वायर वितळली आणि बोटे भाजली.

“बारा व्होल्टला काय होतंय, सर?” वडिलांनी विचारले. शॉक बसत नाही, हे खरे. पण शॉर्ट झाले तर तीच बॅटरी शंभरावर अँपिअर प्रवाह सोडते. आग लागायला तेवढे पुरते.

कायम चुंबकाच्या डीसी मोटरची दोन टोके अदलाबदल केली, की ती उलट फिरते. मिक्सरच्या मोटरचे तसे नाही, तिच्या वाटेला जाऊ नये. ही अदलाबदल सहा टोकांचा एकच स्विच करतो. त्याला दुकानात ‘डीपीडीटी, सेंटर ऑफ’ म्हणतात. त्यात तीन-तीन टोकांच्या दोन रांगा असतात. मधल्या दोन टोकांना मोटर जोडा. वरच्या दोनांना बॅटरीचे धन आणि ऋण. मग वरचे डावे टोक खालच्या उजव्याला आणि वरचे उजवे खालच्या डाव्याला, असे फुलीसारखे जोडा. फुलीच्या वायरी एकमेकींना उघड्या लागता कामा नयेत.

बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज हवा. मोटर 2 अँपिअर घेत असेल तर 3 चा. स्विचवर डीसीची क्षमता छापलेली पाहा. एसीचा आकडा इथे चालत नाही, कारण डीसीची ठिणगी लवकर विझत नाही. आणि दांडी मध्ये आणून मोटर थांबू द्या, मगच उलट करा. फिरत्या मोटरला एकदम उलटवले, तर सुरू होतानाच्या जवळपास दुप्पट प्रवाह ओढला जातो.

पहिली चाचणी मोटर न जोडता घ्यावी. बॅटरीच्या वायरीत गाडीचा 12 व्होल्टचा बल्ब मध्ये घाला. दांडी कुठेही नेली तरी बल्ब लागता कामा नये. लागला, तर कुठेतरी शॉर्ट आहे.

आमच्या पठ्ठ्याचा बल्ब पहिल्यांदा लागलाच! चूक सापडली, पण या वेळी बोटे शाबूत राहिली. पालकहो, स्विच आणून देता तसा अर्धा तास शेजारी बसायलाही द्या.