एका अटीवर टिकलेले शहर

बँकेच्या सेवेत असताना मृत खातेदारांचे लॉकर उघडण्याचे प्रसंग अनेकदा आले. वारस जमत, साक्षीदारांसमोर वस्तूंची यादी होई आणि कित्येकदा ती पुरी होण्याआधीच सख्खी भावंडे एकमेकांशी अबोला धरीत. कदाचित म्हणूनच गेल्या वर्षी इटलीतील फ्लोरेन्स नगरीची संग्रहालये पाहताना माझे मन चित्रांइतकेच एका दस्तऐवजात गुंतले.

या नगरीचे मेदिची घराणे मूळचे पेढीवाले. जोव्हानी दि बिच्ची यांनी १३९७ मध्ये स्थापलेली पेढी शंभर वर्षेही टिकली नाही. परंतु घराणे राज्यकर्ते झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या कलासंग्रह वाढत गेला. १७३७ मध्ये शेवटचा मेदिची राजा निपुत्रिक वारला आणि राज्य लोरेन घराण्याच्या फ्रान्सिसकडे गेले. राजाची बहीण अ‍ॅना मारिया लुईसा विधवा व निःसंतान होती. तिने त्याच वर्षी नव्या राजाशी करार करून चित्रे, मूर्ती, ग्रंथ, रत्ने असा सारा ठेवा नव्या राजवंशाच्या हवाली केला. अट अशी की, यातील काहीही राजधानीबाहेर नेऊ नये. राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परक्यांचे कुतूहल ही कारणेही तिने करारातच नमूद केली. त्या परक्यांपैकीच आम्ही दोघे!

उफिझी या शब्दाचा अर्थच मुळी 'कचेऱ्या'. वास्तुकार वसारी यांनी १५६० मध्ये सरकारी कार्यालयांसाठी ही इमारत बांधावयास घेतली. जन्म कचेरीत गेलेल्या मला याचे हसू आले. बोत्तिचेल्लीची 'वसंत' आणि 'व्हीनसचा जन्म' ही चित्रे येथेच आहेत. दालने इतकी आहेत की, सर्व पाहण्याचा हट्ट धरू नये. सौ. थकली तेव्हा आम्ही अर्नो नदीकडील खिडकीपाशी थांबून जुना पूल पाहिला. तोही त्या भेटीचाच भाग ठरला.

अकादेमियात मायकेलअँजेलोचा 'डेव्हिड' आहे. इतरांनी अर्धवट सोडलेल्या संगमरवरातून त्याने १५०४ मध्ये सतरा फुटांची ही मूर्ती पूर्ण केली. १८७३ पर्यंत ती चौकात उघड्यावर होती. आज तेथे प्रतिकृती उभी आहे. बार्जेल्लो संग्रहालयातील दोनातेल्लोचा लहानसा कांस्य डेव्हिडही आवर्जून पाहावा. पित्ती राजवाड्यात राफाएलची चित्रे आहेत. अ‍ॅना मारिया लुईसाने १७४३ मध्ये देह ठेवला तो याच वाड्यात.

आम्हांला सर्वाधिक भावला तो सान मार्कोचा मठ. फ्रा अँजेलिको या साधू-चित्रकाराने व त्याच्या सहकाऱ्यांनी तेथील साधूंच्या खोल्यांमधून भित्तिचित्रे रंगविली. छोटी खोली, लहानशी खिडकी आणि भिंतीवर एकच चित्र. "इथे डोळ्यांना विसावा मिळतो," असे सौ. म्हणाली.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना : उफिझी व अकादेमिया सोमवारी बंद असतात आणि तिकिटे आगाऊ काढल्यास रांगेतील वेळ वाचतो. एका दिवसात दोनच ठिकाणे ठेवावीत.

घरी परतल्यावर वडिलांच्या ग्रंथांचे कपाट उघडले. खातेदारांना नामनिर्देशनाचे महत्त्व मी आयुष्यभर सांगत आलो. स्वतःचे मृत्युपत्र मात्र लिहिलेले नाही. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशी. ग्रंथ अर्धे-अर्धे वाटले तर दोन्ही घरी अपुरेच राहतील. सध्या यादी करतो आहे. आमच्या गावच्या वाचनालयास द्यावे आणि संग्रह मोडू नये, अशी अट घालावी, असे मनात आहे. मुलांशी त्याविषयी बोलणे अजून व्हायचे आहे.