काजूची साल आणि आक्काची बोटे

गेल्या खेपेस आम्ही या सदरात घरखर्चाच्या वहीविषयी लिहिले होते. या खेपेस स्वयंपाकघरातच बसू या. विषय अगदी साधा आहे : काजू, बदाम, शेंगदाणे घरी सोलावेत कसे? साधा आहे असे आम्हालाही वाटत होते.

मे महिन्याच्या अखेरीस आमची थोरली बहीण, आक्का, सिंधुदुर्गातून सारसोळ्याला आमच्याकडे आली. पिशवीत दोन पुरचुंड्या होत्या. एकीत वाळलेल्या काजूबिया आणि दुसरीत कवच काढलेले, पण लालसर साल तशीच असलेले काजूगर. धाकटीचा वाढदिवस तोंडावर आलेला. तिला काजूचा केक हवा होता. सोललेल्या काजूचा बाजारभाव आठवून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. घरच्या बियांतून किती गर निघेल आणि किती रुपये वाचतील, याचा हिशेब मांडला. बी.कॉम.ची पदवी अशा वेळी फार उपयोगी पडते.

दुपारी आक्का पडली होती. आम्ही जुन्या तव्यावर ओंजळभर बिया टाकून गॅस पेटवला. थोड्याच वेळात बिया तडतडू लागल्या, काळे तेल उडाले आणि तव्यावर जाळ झाला. धुराने सगळ्यांचे डोळे झोंबले, आमच्या मनगटावर दोन थेंब पडले. आक्का धावत आली, गॅस बंद केला, तव्यावर मोठे झाकण ठेवले आणि कपाळावर हात मारून म्हणाली, “अरे, हो बिब्याचो भाव! घरात पेटयतस काय रे?”

आक्काचे बोलणे शास्त्राला धरूनच होते. काजू, बिबा, आंबा आणि चारोळी ही सारी एकाच कुळातली झाडे. काजूच्या कवचाच्या दोन थरांमध्ये जाळीदार पोकळी असते व तिच्यात हा चीक भरलेला असतो. बिबा अंगावर उततो तसाच हाही उततो, शिवाय तो पेट घेतो. कोकणात पूर्वी बिया भाजत त्या उघड्या अंगणात, वाऱ्याची दिशा पाहून, आणि पेटलेल्या बिया राखेत लोटून विझवत. फोडताना हाताला खोबरेल आणि राख चोळत. कारखान्यात आता बिया वाफवतात, गार करतात आणि अडकित्त्यासारख्या यंत्राने कापतात. म्हणून आमचे पहिले सांगणे हे की कवचाची काजूबी फ्लॅटमध्ये, चाळीत, गॅसवर अजिबात भाजू नये. चीक अंगाला लागलाच तर लगेच साबणाने धुवावा. आमचे मनगट बरे व्हायला आठ दिवस लागले. उरलेल्या बिया आक्काबरोबर परत गेल्या.

राहिले सालीचे गर. ते मात्र घरी सोलता येतात. आक्काने रीत दाखवली ती अशी. जाड बुडाच्या कढईत, अगदी मंद आचेवर, गर हलवत राहावे. ते लाल होऊ द्यायचे नाहीत, फक्त आतला ओलावा गेला पाहिजे. ओव्हन असेल तर ७०-८० अंशांवर ठेवावे आणि एक गर चोळून पाहत राहावे. मग ताटात पसरून पूर्ण गार करावे. साल कुरकुरीत होते व चिमटीत चोळली की सुटते. खाचेत अडकलेली साल बोथट सुरीच्या टोकाने खरवडावी. घाई केली की गर दुभंगतो. बाजारात अख्ख्या गराला भाव जास्त आणि तुकड्याला कमी. पाकिटावर ‘३२०’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर. केकला तुकडेच लागतात, तेव्हा घरी तुटले तर वाईट वाटून घेऊ नये.

शेंगदाण्यालाही हीच युक्ती. भाजत आले की पाण्याचा हलका हबका मारावा, पुन्हा कोरडे होईपर्यंत परतावे आणि पूर्ण गार होऊ द्यावेत. गरम दाणे चोळले तर हातही भाजतो आणि सालही निघत नाही. जाड सुती फडक्यात बांधून चोळावे आणि सुपात पाखडावे. सूप नसेल तर गॅलरीत ताट आणि पंखा पुरे. काळपट, सुरकुतलेला, बुरशी लागलेला किंवा कडू दाणा काढून टाकावा. त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते व भाजल्याने ते पूर्ण जात नाही. कूट मिक्सरमध्ये थांबून थांबून करावा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो.

बदामाची रीत उलटी, तिथे पाणी लागते. उकळते पाणी ओतून मिनिट-दोन मिनिटे ठेवावे, निथळून लगेच थंड पाण्यात टाकावे आणि चिमटीत दाबावे. बदाम सालीतून टुणकन बाहेर येतो. पिस्त्यालाही हेच चालते. खिरीसाठी वाटायचे तर रात्रभर भिजवावे. केक किंवा नानकटाईत घालायचे तर सोलल्यावर पुसून, मंद आचेवर कोरडे करावे, नाहीतर पीठ ओलसर राहते. अक्रोडाची साल पूर्ण निघत नाही. थोडे भाजून फडक्यात चोळले की कडवटपणा बराच कमी होतो. आणि लहान मुलांना अख्खा दाणा देऊ नये, घशात अडकतो. पाच वर्षांच्या आतील मुलांना कूटच द्यावा.

संध्याकाळी आम्ही सारे ताटाभोवती बसलो. आमचे तिघांचे मिळून पाव किलो होईना, आणि आक्काचा ढीग वाढत होता. तिने काही वर्षे काजूच्या कारखान्यात बी कापली आणि मग साल काढली. मजुरी किलोवर. धाकटीने तिचा हात हातात घेतला आणि विचारले, “आत्ये, तुझ्या बोटांवर रेघा का नाहीत?”

आक्का हसली. मग सहज सांगावे तसे सांगितले, की गेल्या वर्षी तीन महिने रेशन मिळाले नाही. दुकानातील यंत्रावर अंगठा उमटेना. दुकानदार म्हणे, ठसा जुळत नाही, मी काय करू? चीक आणि रोजची घासाघीस यांनी बोटांच्या रेघा पुसल्या होत्या. आम्ही कचेरीत रोज दुसऱ्यांचे अर्ज हाताळतो, वस्तीत लोकांचे दाखले काढून देतो, आणि आमच्या सख्ख्या बहिणीने आम्हाला कळवलेही नव्हते. “तुका कामां असतत,” एवढेच म्हणाली. आजही कधी कधी चार-चार वेळा अंगठा लावावा लागतो.

त्याच रात्री आम्ही अर्ज लिहिला. ठसा जुळला नाही एवढ्या कारणावरून पात्र माणसाचे धान्य नाकारू नये, असे केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने २०१७ साली राज्यांना लेखी कळवले आहे. आधार नोंदणीत बोटांबरोबर डोळ्यांच्या बुबुळांचीही नोंद असते. आपल्या घरात, शेजारी अशी कोणी काजू सोलणारी, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर राबणारी बाई असेल, तर तिला आजच विचारा. ती आपणहून सांगणार नाही. अर्ज तालुक्याच्या पुरवठा शाखेत द्या, आणि शिक्का-तारखेसह पोच घेतल्याशिवाय उठू नका. आक्काच्या अर्जाची पोच आली आहे, उत्तराची वाट पाहत आहोत.

केक छान झाला. वाढदिवसाच्या रात्री आम्ही तो हिशेबाचा कागद पुन्हा काढला. बियांचा भाव, गराचे वजन, गॅस, सारे रकाने बरोबर होते. सोलणारीचा रकानाच आम्ही घातला नव्हता.