मासा आजारी पडला? आधी पाणी बघा



घरात मासे पाळणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मासा वर येऊन सारखी तोंडाची उघडझाप करतोय हो, कोणतं औषध टाकू?" विचारणारे बहुधा आजोबा नाहीतर आजी असतात. टाकी येते नातवाच्या वाढदिवसाला, आणि दोन महिन्यांत तिची सगळी उठाठेव पडते आजोबांच्या गळ्यात! म्हणून आजचा लेख दोघांसाठीही आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो: औषधाची बाटली तूर्त कपाटातच राहू द्या आणि पाणी तपासा. पाळीव माशांची बहुतेक दुखणी पाण्यापासून सुरू होतात, आणि बिघडलेल्या पाण्यात ओतलेले औषध पुष्कळदा रोगाच्या आधी माशालाच संपवते.

आपल्या पिढीला माशाची पारख शिकवावी लागत नाही. कोकणात असो की मुंबईच्या बाजारात, पापलेट घेताना आई आधी कल्ला उचलून बघायची. लालभडक असेल तर ताजा. फिका असेल तर कोळणीशी हुज्जत सुरू! तीच नजर आता जिवंत माशाकडे वळवायची. (कल्ला उचलायचा मात्र नाही बरं का, मासा तो स्वतःच उघडतो.) कल्ले हे माशाचे श्वास घेण्याचे अवयव. ते फिके पडले तर रक्त कमी झालेले असू शकते किंवा परजीवी लागलेले असू शकतात. ते तपकिरी दिसू लागले तर पाण्यात नायट्राइट साठल्याचा संशय घ्यावा.

बालमित्रांनो, पुढचे काम तुमचे. रोज खाणे टाकताना दोन मिनिटे नुसते बघा. खायला कोण आले नाही? कोण पर अंगाशी मिटून कोपऱ्यात बसलाय? दगडावर अंग कोण घासतोय? कोणाचे कल्ले धापा टाकल्यासारखे हलताहेत? तारीख घालून वहीत लिहा. माशाला "कुठे दुखतंय रे?" असे विचारता येत नाही. त्यामुळे ही वहीच त्याची जीभ.

आता पाणी. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो, आणि उरलेले खाणे कुजले की त्यातूनही अमोनिया तयार होतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत जाणार कुठे? फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरे पुष्कळ सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी, वाळू आणि दहा मासे एकाच दिवशी घरी आणले, की थोड्याच दिवसांत मासे एकेक करून मरू लागतात. पोरगे रडते, आणि दुकानदार निळ्या औषधाची बाटली विकतो. त्या निळ्या औषधाने, म्हणजे मेथिलीन ब्लूने, स्पंजातले उरलेसुरले उपयोगी जिवाणूही मरू शकतात!

इस्राएलमध्ये याला आणखी एक कारण आहे. आपल्या नळाच्या पाण्याचा पीएच बहुधा सातच्या वर असतो. २५ अंशाच्या पाण्यात पीएच सात असेल तर एकूण अमोनियाचा सुमारे अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. पीएच आठ झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे दहापट! त्यात किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोडे करणारे मोठे कारखाने झाले. अश्केलोनचा २००५ साली सुरू झाला, पुढे हदेरा आणि सोरेकचे आले. आता नळाला कुठे विहिरीचे, कुठे गोडे केलेले, कुठे दोन्ही मिसळलेले पाणी येते. तेव्हा दिमोनातल्या मावशीकडे जमले ते अश्दोदला तसेच जमेल असे समजू नये. थेंबांनी पाणी तपासायची छोटी पेटी दुकानात मिळते, ती घ्यावी. अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य हवे. नायट्रेट चाळीसच्या खाली ठेवावे.

ते जास्त निघाले तर उपाय औषधाच्या बाटलीपेक्षा स्वस्त आहे. एक दिवस खाणे बंद करावे. तिसरा हिस्सा ते अर्धे पाणी बदलावे, पण क्लोरीन मारून आणि टाकीइतकेच कोमट करून. क्लोरीन मारायचे थेंब दुकानात मिळतात. नायट्राइट असेल तर थोडे मीठ टाकल्याने मासा वाचू शकतो, कारण मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

आणि एक विनंती आमच्या भगिनींना. पेसाखच्या साफसफाईत सगळे घर धुऊन निघते, त्यात फिल्टरचा स्पंजही नळाखाली चकचकीत होतो. नळाच्या क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळावा, बस्स.

खमसीनच्या दिवसांतही मासे वर येऊन तोंड उघडतात, पण तेव्हा गोष्ट वेगळी असू शकते. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला जेमतेम साडेसात. अशा वेळी एअर पंप लावावा आणि पाण्यावर छोटा पंखा सोडावा. बर्फ थेट ओतू नये, एकदम गारठ्यानेही मासा जातो.

पाणी ठीक निघाले, तरी मासा अंग घासतो आहे आणि अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसताहेत. हा सगळ्यांत नेहमीचा रोग. त्याच्या परजीवीचे शास्त्रीय नाव मोठे लांबलचक आहे, इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. मुलांनी पाठ करून शाळेत ऐटीत सांगावे! प्रत्येक ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून खाणारा एक जीव. पोट भरले की तो गळून तळाशी पडतो, कवच करतो, आणि आतल्या आत फुटून त्याची शेकडो पिल्ले होतात. ती पोहत नवा मासा शोधतात. दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात.

यात एक मेख आहे. औषध फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारते. कातडीखालच्याला ते पोचत नाही आणि कवचातल्यालाही नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी ठिपके गेले, मासा बरा झाला, औषध बंद केले, असे करणाऱ्याच्या टाकीत पुढच्या आठवड्यात दुप्पट ठिपके दिसतात. उपचार किमान दहा ते चौदा दिवस चालवावा. पाणी हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी, २८ ते ३० पर्यंत चढवले की परजीवीचे चक्र भराभर फिरते आणि तो लवकर औषधाच्या तावडीत सापडतो. हवा मात्र भरपूर सोडावी. गोल्डफिशला इतकी ऊब सोसत नाही, त्याला मीठच बरे.

मीठ कोणते? मांस कोशेर करण्यासाठी आपल्याकडे असते तेच जाडे मीठ, पण त्यात दुसरे काही मिसळलेले नाही ना हे पाकिटावर वाचून. लिटरला २ ग्रॅम. टाकीतले पाणी मोजणे हा मुलांचा गृहपाठ: ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, पाण्याची उंची ३५. तिन्हींचा गुणाकार ६३,०००. हजाराने भागले की ६३ लिटर. वाळू-दगडांचे वजा करून ५० धरा, म्हणजे १०० ग्रॅम मीठ. ते विरघळवून, दोन दिवसांत वाटून टाकावे. मीठ वाफेबरोबर उडत नाही, म्हणून आटलेले पाणी भरताना पुन्हा मीठ घालू नये. झाडे आणि तळाशी फिरणारे मिशीवाले मासे यांना मीठ कमी मानवते. तिथे बाटलीतले औषध वापरावे, तेही अर्ध्या मात्रेपासून. औषध चालू असताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा, नाहीतर तो सगळे औषध शोषून घेतो.

ठिपक्यांऐवजी सोनेरी धूळ दिसली तर तो वेगळा परजीवी. अंधार करून बाजूने टॉर्च मारला की ती चमकते.

सर्वांत घातक फसगत मात्र तोंडावरच्या कापसाची. माशाच्या ओठावर किंवा पाठीवर राखाडी-पांढरा थर दिसला की सगळे म्हणतात, बुरशी आहे. पुष्कळदा ती बुरशी नसते, तो जिवाणूंचा रोग असतो. बुरशीचे औषध त्याला चालत नाही. आणि ठिपक्यांसारखी इथेही ऊब दिली तर रोग आणखी भडकतो, एक-दोन दिवसांत मासा जातो. म्हणून हीटरला हात लावण्याआधी ठिपके आहेत की थर, हे नीट बघायचे. थर असेल तर पाणी उलट थोडे गार करावे, आजारी मासा वेगळा ठेवावा आणि पशुवैद्याला विचारावे. अँटिबायोटिक्स घरच्या घरी अंदाजाने टाकू नयेत.

शेपटीच्या कडा झिजल्या असतील तर सुरुवातीला स्वच्छ पाण्यानेच भरून येतात. गोल्डफिश फुगून तिरका पोहत असेल तर दोन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला वाटाणा. पण अंग फुगून खवले सीताफळासारखे उभे राहिले, तर आतले अवयव निकामी होत आले असे समजावे. त्यातून मासा क्वचितच वाचतो.

काही रोगांवर औषधच नाही. १९९८ साली इथल्या तळ्यांत कार्प आणि कोई जातीचे मासे मोठ्या संख्येने मेले. तो पुढे कोई हर्पीस नावाचा विषाणू निघाला, आणि मग तो जगभर सापडला. माणसाला त्याची बाधा होत नाही. म्हणून नवा मासा आणला की त्याला तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवण्याचा कंटाळा करू नये, आणि नको झालेले मासे कुठल्याही ओढ्यात सोडू नयेत.

ज्याचे काही होण्यासारखे नाही अशा माशाला संडासात सोडणे क्रूर आहे. दातदुखीला आपण लावायचो ते लवंगेचे तेल इथे उपयोगी पडते. चार-पाच थेंब कोमट पाण्यात बाटलीत घालून खूप हलवावे, आणि लिटरभर टाकीच्या पाण्यात मासा ठेवून ते हळूहळू ओतावे. मासा झोपतो. मग आणखी वीसएक थेंब तसेच हलवून घालावे. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास त्याला तिथेच ठेवावे. मुलाला विचारावे, त्याला जवळ थांबायचे आहे का. काहींना थांबायचे असते.

शेवटी आजी-आजोबांसाठी. हाताला चीर किंवा जखम असेल, मधुमेह असेल, तर उघडा हात टाकीत घालू नये. लांब हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. टाकीतल्या एका जिवाणूमुळे बोटावर किंवा मनगटावर गाठ येते, आठवडेच्या आठवडे बरी होत नाही, आणि साध्या मलमाला दाद देत नाही. अशी गाठ दिसली तर डॉक्टरांना आपणहून सांगावे की आमच्या घरी मासे आहेत. ते विचारतीलच असे नाही.