एकच तळं, बारा महिने

बंगळुरात राहणाऱ्या आणि खिशात बरा कॅमेरा असलेला फोन बाळगणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती आहे. बिबट्यासाठी काबिनीला आणि पक्ष्यांसाठी रंगनतिट्टूला जाल तेव्हा जा. पण त्याआधी घरापासून चालत जाता येईल असं एक तळं निवडा आणि तिथल्या चतुर-टाचण्यांचे फोटो वर्षभर काढा. पंधरा दिवसांतून एक चक्कर, तासभर वेळ. यासाठी गाडी लागत नाही, महागडी लेन्स लागत नाही आणि रजा तर मुळीच लागत नाही.

चतुर बहुतेकांच्या ओळखीचा. इथली कानडी पोरं त्याला एरोप्लेन चिट्टे म्हणतात. टाचणी हे त्याचं सडपातळ भावंड. बसल्यावर पंख पसरून ठेवतो तो चतुर, पाठीवर मिटून घेते ती टाचणी. बहुतेक चतुरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात, टाचणीचे दोन डोळे दोन टोकांना. दोन्ही नियमांना अपवाद आहेत, पण सुरुवातीला एवढ्यावर भागतं. भारतात दोहोंच्या मिळून जवळपास 500 जाती आहेत. शहरातल्या बऱ्यापैकी तळ्यावर त्यातल्या वीस-पंचवीस वर्षभरात भेटायला हरकत नाही.

एकाच तळ्याचा आग्रह का, ते सांगतो. चतुर-टाचण्यांचं बालपण पाण्यात जातं. काहींचं दीड-दोन महिने, काहींचं त्याहून कितीतरी जास्त. तिथे ही पिल्लं डासांच्या अळ्यांसकट हाती लागेल ते खाऊन वाढतात. त्यामुळे आज काठावर अंगावरची कात टाकून बाहेर पडलेला चतुर गेल्या काही महिन्यांत त्या पाण्यात काय झालं याचा साक्षीदार असतो. मैलापाणी शिरलं, काठची पाणवनस्पती उपटली, की नाजूक जाती आधी गायब होतात आणि सोशिक तेवढ्या उरतात. डिच ज्वेल हा नारिंगी पंखांचा छोटा चतुर अशा सोशिकांचा मेरुमणी. गढूळ, घाण पाण्यावरही तो सुखाने नांदतो. तुमच्या तळ्यावर तो एकटाच थव्याने दिसत असेल, तर पाण्याची चौकशी करायला हवी एवढं समजावं.

बंगळुराला मोठी नदी नाही. माळावर वसलेल्या या शहराने पाण्यासाठी तळी बांधली. एका तळ्याचं जादा पाणी राजकालुवे म्हणतात त्या कालव्यांतून खालच्या तळ्यात जाई, तिथून आणखी खाली. शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या काळापासूनची ही मालिका पुढे तुटत गेली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे. गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळात कार्यक्रमाला जाणारे आपले लोक त्याच्याच आसपास बसमधून उतरतात. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरवा स्टेडियम उभं राहिलं. त्या पाण्यावर कोणकोणते चतुर उडत होते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण कुणी टिपून ठेवलं नाही. आज उरलेल्या तळ्यांच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नसेल, तर टिपण्याचं काम तुम्हा-आम्हालाच करावं लागेल.

त्यासाठी हे शहर सोयीचंही आहे. फ्रेझर या लष्करी डॉक्टरने 1933 ते 1936 या काळात भारतातल्या चतुर-टाचण्यांवर तीन खंड लिहिले. ते जाणकारांसाठी होते. सामान्य माणसाच्या हाती पुस्तक आलं ते 2005 साली. के. ए. सुब्रमणियन यांचं दक्षिण भारतातल्या चतुर-टाचण्यांवरचं हे सचित्र पुस्तक बंगळुरातूनच, भारतीय विज्ञान अकादमी आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स यांच्या प्रकल्पातून निघालं, आणि ते फुकट उतरवून घेता येतं. शहराच्या उत्तरेला जीकेव्हीके या कृषी विद्यापीठाच्या आवारात एनसीबीएस ही संशोधन संस्था आहे. तिथल्या कृष्णमेघ कुंटे यांच्या प्रयोगशाळेच्या पुढाकाराने ‘ओडोनाटा ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ चालतं. त्यावर देशभरातल्या हौशी लोकांचे फोटो जातीनुसार लावलेले आहेत. आपला फोटो ताडून पाहायला यापेक्षा चांगली जागा नाही.

आता ऋतूंकडे वळू. जानेवारी-फेब्रुवारीत पाण्यावर वर्दळ कमी असते. या दिवसांत ग्रॅनाइट घोस्ट शोधा. करड्या-काळ्या ठिपक्यांचा हा चतुर खडकावर, कुंपणाच्या दगडी भिंतीवर पंख टेकवून बसतो आणि डोळ्यांदेखत दिसेनासा होतो. लालबागेतल्यासारखे उघडे खडक आणि सिमेंटच्या टाक्या या त्याच्या आवडीच्या जागा. मार्च-एप्रिलमध्ये पाणी ओसरतं, चिखलाचा काठ उघडा पडतो. तिथे ग्रीन मार्श हॉक हा हिरव्या-काळ्या पट्ट्यांचा दांडगा गडी दुसऱ्या चतुरांनाही धरून खाताना सापडेल. मे महिन्यातल्या वळवाने चित्र पालटतं. जून-जुलैत आभाळ भरलेलं आणि वारा फार, तेव्हा पाण्यावर नजर न लावता काठच्या गवतात वाकून बघा. पिवळीधमक कोरोमंडल मार्श डार्ट आणि बोटाच्या पेराएवढी पिग्मी डार्टलेट तिथे बसलेल्या असतात.

खरा हंगाम ऑगस्ट ते नोव्हेंबर. क्रिमसन मार्श ग्लायडरचे गुलाबी-जांभळे नर, स्कार्लेट स्किमरचे लालबुंद नर, पिवळ्या-काळ्या नक्षीच्या पंखांचा, फुलपाखरासारखा तरंगत जाणारा पिक्चर विंग, सगळे याच काळात जोरात असतात. गणपती विसर्जनाला तळ्यावर जाल तेव्हा मान वर करून बघा. डोक्यावर पिवळसर चतुरांचा थवा न बसता घिरट्या घालत असेल, तर तो वांडरिंग ग्लायडर. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना प्रश्न पडला होता, की ज्या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत तिथे दर ऑक्टोबरात हे लाखोंनी येतात कुठून? 2009 साली त्यांनी मांडलं, की ते भारताकडून येतात आणि वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागरापार पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. पंखांच्या रासायनिक तपासणीतूनही पुढे त्याला दुजोरा मिळाला. चार-पाच सेंटिमीटरचा हा जीव पावसाच्या साचलेल्या डबक्यातही सहा-सात आठवड्यांत मोठा होतो. म्हणून ‘आमच्याकडे धड तळं नाही’ ही सबब चालणार नाही. विसर्जनासाठी बांधलेल्या कल्याणी नावाच्या कुंडात नंतर पावसाचं पाणी साचतं, तिथेही शोधा.

चकाकत्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश पाण्यासारखाच भासतो आणि चतुर फसतात. त्यामुळे पार्किंगमधल्या गाडीच्या बॉनेटवर पुन्हा पुन्हा शेपूट टेकवणारी जोडी दिसली तर हसू नका, ती अंडी घालते आहे. फोटो काढा आणि तारीख टिपा, तीही नोंदच आहे.

फोटो काढण्याची रीत साधी आहे. सकाळी साडेआठनंतर, ऊन अंगाला लागू लागलं की जा. बऱ्याच तळ्यांची फाटकं सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळीच उघडी असतात, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या. रखवालदाराला दोन कानडी शब्दांत काय करतो आहोत ते सांगा. किड्यांचे फोटो काढणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही. तुमची सावली चतुरावर पडू देऊ नका. थेट चाल करून न जाता वाकून, तिरपे, दोन पावलं टाकून थांबत पुढे सरका. उडाला तर मागे धावू नका. बरेचसे चतुर फिरून त्याच काटकीवर येऊन बसतात, तुम्ही तिथेच फोकस लावून उभे राहा. कॅमेरा असेल तर शटर 1/500 सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून जलद ठेवा आणि छिद्र एफ 8च्या जवळ. फोन असेल तर दूर राहून दुप्पट झूम करा, अगदी नाकाला नाक लावू नका.

एका जीवाचे किमान तीन फोटो हवेत. एक बाजूने, एक वरून, आणि एक शेपटीच्या टोकाचा. आपण शेपूट म्हणतो ते खरं तर त्याचं पोट, आणि त्याच्या टोकाला नराचे बारीक चिमटे असतात. एकसारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या करायला ते फार उपयोगी पडतात. कोकणचं उदाहरण घ्या. शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी 2019 साली सिंधुदुर्गातून एक नवी टाचणी आणि 2020 साली कोकण किनारपट्टीतून ग्रॅनाइट घोस्टच्याच कुळातला एक नवा चतुर जगापुढे आणला. म्हणजे रोजच्या पाहण्यातल्या चतुराकडेही बारकाईने बघायला हवं. माद्यांनाही वगळू नका. लालभडक स्कार्लेट स्किमरची मादी पिवळट तपकिरी असते, आणि कोवळा नर तिच्यासारखाच दिसतो. नुसते लाल नर टिपले तर तुमची नोंद अर्धीच राहील.

देखण्या फोटोइतकीच वागणुकीच्या फोटोची किंमत आहे. दुपारच्या उन्हात चतुर शेपूट सरळ सूर्याकडे उभारतो, म्हणजे अंगावर ऊन कमी पडतं. कोरोमंडल मार्श डार्टची मादी पाण्यातल्या देठात अंडी खोचत असते तेव्हा नर तिची मान शेपटीने धरून वर काठीसारखा ताठ उभा असतो, पाय अधांतरी. आणि लव्हाळ्याच्या पात्यांवर रिकामी कात हमखास शोधा. कातीच्या पाठीवरच्या फटीतून पांढरे धागे लोंबताना दिसतील. ते श्वासनलिकांचं अस्तर, पिल्लू बाहेर पडताना मागे राहिलेलं. काठावर उडणारा चतुर दुसरीकडून आलेला असू शकतो, पण कात सापडली म्हणजे तो इथेच वाढला याचा तो पक्का पुरावा. सकाळी लवकर गेलात तर कातीशेजारी फिकट, ओलसर, काचेसारख्या चमकत्या पंखांचा नवा चतुर बसलेला सापडेल. त्याला स्पर्श करू नका, उडवूही नका. पंख वाळायच्या आत उडावं लागलं तर तो जन्माचा अधू होऊ शकतो.

काही गोष्टी करूच नका. जाळीने पकडून, पंख धरून फोटो काढू नका. फ्रीजमध्ये ठेवून गारठवून पानावर मांडण्याची काहींना खोड असते; असा फोटो खोटा आणि जीवाला त्रास देणारा. चांगल्या चौकटीसाठी लव्हाळे तोडू नका. पाण्यात उतरू नका, शहरातल्या तळ्यांचा गाळ खोल असतो आणि काठच्या गवतात साप असतात. घोट्यावर येणारे बूट घाला. मुलांना न्या, जरूर न्या, पण चतुराला दोरा बांधायचा खेळ आपल्या पिढीबरोबर संपला असं त्यांना सांगा.

घरी आल्यावरचं काम जास्त महत्त्वाचं. फोटो फोनमध्ये पडून राहिला तर तो कुणाच्याच उपयोगाचा नाही. प्रत्येक फोटोला तारीख, वेळ आणि तळ्याचं नाव जोडा. आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर किंवा ओडोनाटा ऑफ इंडियावर चढवा. जात कळली नाही तर तसंच लिहा, जाणकार सांगतात. शिवाय एक साधी वही ठेवा. त्या दिवशी काय दिसलं, अंदाजे किती दिसले, पाणी किती होतं, वरून फेस किंवा वास होता का, एवढं चार ओळींत. नेहमीचा एखादा चतुर त्या दिवशी दिसला नाही, तर तेही लिहा. एका वर्षाची वही म्हणजे हौस, तीन वर्षांची वही म्हणजे दस्तऐवज.

हा दस्तऐवज कामाला येतो तो तळ्याच्या सुशोभीकरणाच्या वेळी. काठाला चारी बाजूंनी दगड बसवायचे, लव्हाळे उपटायचे आणि मध्ये कारंजं लावायचं, हा विकासाचा सोपा नमुना झाला आहे. पिल्लाला पाण्याबाहेर चढून यायला देठ लागतो, टाचणीला अंडी खोचायला हिरवी काडी लागते. सपाट भिंतीवर यातलं काहीच नाही. पुट्टेनहळ्ळी, कैकोंडरहळ्ळी, जक्कूर या तळ्यांवर आसपासच्या रहिवाशांनी संघटित होऊन लक्ष घातलं, म्हणून तिथे पाण्याबरोबर काठाचाही विचार झाला. तुमच्या तळ्याचा आराखडा येईल तेव्हा ‘निसर्ग वाचवा’ एवढं मोघम म्हणून चालत नाही. ‘पूर्वेच्या या लव्हाळ्यात इतक्या जाती वाढतात, हे त्यांचे फोटो, या तारखा, एवढा पट्टा तसाच ठेवा’ असं कागदावर मांडलं तर अधिकाऱ्याला ऐकावं लागतं.

तेव्हा मुहूर्त शोधू नका. कुठल्याही महिन्यात सुरुवात करता येते. येत्या रविवारी जवळच्या तळ्यावर जा, पहिले पाच फोटो काढा, त्याच रात्री तारखेसकट चढवा आणि वहीत पहिली नोंद करा. पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच तळ्यावर जा, आणि जाताना शेजारच्या एकालाही सोबत घ्या.