कानात काय घालायचे, हे कोण ठरवणार?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी रोज वायरचा इअरफोन लावून मोबाईलवर व्याख्याने ऐकत असे. इअरफोन साधा होता, पण चांगला चालत होता. "अजून वायरवालाच वापरतेस का?" असे कोणीतरी हसत म्हणाले आणि तेवढेच तिच्या मनाला लागले. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. आईने पगारातून पैसे दिले आणि १,२९९ रुपयांचे बिनवायरचे इअरबड्स घरी आले. खोक्यावर किंमत ४,९९० रुपये छापलेली होती. ७४ टक्के सूट मिळाली म्हणून मायलेकी आनंदात होत्या. चौदा महिन्यांनी डावा बड बंद पडला. वॉरंटी एक वर्षाची होती. सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळाले, "याची बॅटरी बदलत नाहीत, नवीन घ्या." घरी आल्यावर तिने कपाटातला जुना वायरचा इअरफोन काढून लावला. तो पूर्वीसारखाच वाजला.

आज इअरबड्स ही श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. पार्सल पोहोचवणारा मुलगा, कॉल सेंटरमधील कर्मचारी, लोकलने रोज तीन तास प्रवास करणारी नर्स, अभ्यासिकेतील विद्यार्थी, सर्वांच्या कानात ते दिसतात. त्यात वावगे काही नाही. काम करताना वायर अडकते, तुटते, गर्दीत ओढली जाते. बिनवायरच्या साधनाचा उपयोग आहेच. परंतु आपण धान्य घेताना मूठभर हातात घेऊन पाहतो, चप्पल घेताना घालून चालून पाहतो. मग रोज कित्येक तास शरीराच्या आत घालायची वस्तू केवळ जाहिरातीतील नटाकडे किंवा क्रिकेटपटूकडे पाहून का घेतो? घेणाऱ्याने गरज ठरवायची की विकणाऱ्याने, हा खरा मुद्दा आहे.

ही वस्तू मागणीतून आली की मागणी निर्माण केली गेली, हेही पाहिले पाहिजे. सप्टेंबर २०१६ मध्ये अॅपलने आयफोन ७ मधून इअरफोन लावायचे गोल छिद्र काढून टाकले आणि त्याच वेळी एअरपॉड्स जाहीर केले. भारतात त्यांची किंमत १५,४०० रुपये होती. पुढे इतर अनेक कंपन्यांनीही ते छिद्र काढले. छिद्र गेले, म्हणजे दहा वर्षे चाललेला इअरफोन एका दिवसात निरुपयोगी झाला आणि नव्या वस्तूला गिऱ्हाईक मिळाले. यात कट शोधण्याची गरज नाही. व्यापार असाच चालतो. पण व्यापार कसा चालतो हे गिऱ्हाइकाला कळले पाहिजे.

म्हणून खरेदीपूर्वी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न, मला हे कशासाठी हवे? अभ्यासिकेत बसून व्याख्यान ऐकायचे असेल तर वायरचा इअरफोन आजही उत्तम आहे. त्याला चार्जिंग लागत नाही, त्यात बॅटरी नाही आणि तो तीन-चारशे रुपयांत मिळतो. फोनला गोल छिद्र नसेल तर टाईप-सी वायरचा इअरफोन घेता येतो. मात्र तो दुकानातच आपल्या फोनला लावून पाहावा, कारण प्रत्येक फोनला प्रत्येक जोड चालतोच असे नाही. काम हातांचे असेल, धावपळीचे असेल, दिवसभर फोन येत असतील, तर बिनवायरचे जरूर घ्यावेत. वायर वापरणे म्हणजे मागासलेपण, हा न्यूनगंड बाजाराने पेरलेला आहे. तो आपण आपल्या मुलांच्या मनात वाढू देता कामा नये.

दुसरा प्रश्न कानाचा. जन्मतः प्रत्येक कानाच्या आतील शंखात साधारण १५ ते १६ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील १०० कोटींहून अधिक तरुण असुरक्षित ऐकण्यामुळे श्रवणशक्ती गमावण्याच्या धोक्यात आहेत. संघटनेने सांगितलेली मर्यादा सोपी आहे. प्रौढ माणसासाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास. लहान मुलांसाठी ७५ डेसिबल, तेवढेच तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. १०० डेसिबलला पोहोचलो की आठवड्याचा सगळा कोटा सुमारे २० मिनिटांत संपतो.

हा कोटा रेशनसारखा आहे, आणि तो सर्वांना सारखा खर्च करता येत नाही, हे कोणी सांगत नाही. वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याचा कोटा संध्याकाळपर्यंत शिल्लक राहतो. भिवंडीच्या यंत्रमागावर, प्रेस शॉपमध्ये, दगडखाणीत राबणाऱ्याचा कोटा मात्र पाळी संपण्यापूर्वीच संपलेला असतो. तो माणूस परतताना बसच्या घरघरीवर मात करण्यासाठी इअरबड्सचा आवाज पूर्ण वाढवतो, तेव्हा तो उधारीवर ऐकत असतो. हीच गोष्ट मिरवणुकीतील डीजेच्या भिंतीपुढे चार तास नाचणाऱ्याची. मिरवणूक आपली असो वा कोणाचीही, कानाला त्यातील फरक कळत नाही. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत असेल तर ती सूचना आहे. ती हसण्यावारी नेऊ नये.

काही जण ब्लूटूथच्या लहरींनी मेंदूचा कर्करोग होतो, असे सांगत फिरतात. इअरबड्सची लहरशक्ती सामान्यतः काही मिलिवॅट असते, कानाला लावलेल्या फोनपेक्षा कितीतरी कमी, आणि त्यामुळे कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. खोट्या भीतीने खऱ्या धोक्यावरून लक्ष उडते. खरा धोका आवाजाच्या पट्टीत आहे.

येथेच निवडीचा संबंध येतो. बडचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक, रबरी टोपी असलेला, कानाचे छिद्र बंद करणारा. दुसरा, टोपी नसलेला, कानात नुसता टेकणारा. दुसऱ्या प्रकारात बाहेरचा गोंगाट आत येतो आणि माणूस लोकलमध्ये आवाज वाढवत जातो. म्हणून गर्दीत वापरायचे असतील तर रबरी टोपीचे घ्यावेत आणि सोबत मिळणाऱ्या लहानमोठ्या टोप्यांपैकी आपल्या कानाला नीट बसणारी निवडावी. दोन्ही कानांना वेगवेगळ्या मापाची लागली तरी बिघडत नाही. उलट सायकल, दुचाकी चालवणाऱ्याने कान बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर येथे फाटक नसलेल्या क्रॉसिंगवर शाळेच्या व्हॅनला रेल्वेची धडक बसून १३ मुले मृत्युमुखी पडली. चालकाच्या कानात इअरफोन होता, असे तेव्हा सांगितले गेले. रूळ ओलांडताना आणि गाडी चालवताना बड डबीतच हवेत.

खोक्यावरील 'एएनसी' आणि 'ईएनसी' या दोन शब्दांत बहुतेकांची फसगत होते. एएनसी म्हणजे बाहेरचा गोंगाट तुमच्या कानापर्यंत कमी पोहोचावा ही सोय. लोकलची घरघर, पंखा, इंजिन असे सलग व जाड आवाज ती चांगले कमी करते, माणसांचे बोलणे तितके नाही. आवाज कमी ठेवून ऐकता येते, म्हणून गोंगाटात प्रवास करणाऱ्याला तिचा खरा उपयोग आहे. ईएनसी ही तुम्ही फोनवर बोलताना पलीकडच्या माणसाला तुमच्याभोवतीचा गोंगाट कमी ऐकू जावा यासाठी असते. तुमच्या कानाला तिचा काही फायदा नाही. स्वस्त खोक्यावर ईएनसी मोठ्या अक्षरात छापलेले असते आणि घेणारा एएनसी समजून घेतो. एक अक्षर वाचण्याचा आळस शेकडो रुपयांना पडतो.

तिसरा प्रश्न बॅटरीचा. '५० तास' असे छापलेले असते ते डबीतील चार्जिंग धरून. तेही मध्यम आवाजात आणि एएनसी बंद ठेवून मोजलेले असते. विचारायचे ते एवढेच, की एकदा चार्ज केल्यावर बड कानात किती तास चालतो? शिवाय प्रत्येक बडमध्ये साधारण ३० ते ६० एमएएचचा इवलासा लिथियम-आयन सेल असतो. काही शे वेळा चार्ज झाला की त्याची ताकद घटते. हे प्रत्येक कंपनीच्या सेलचे होते. सेल गोंदाने आत चिकटवलेला असल्यामुळे तो बदलत नाहीत. म्हणजे आपण वस्तू विकत घेत नसून भाड्याने घेतो, असेच समजावे. १,२९९ रुपयांचे बड दोन वर्षे चालले तर महिन्याला सुमारे ५४ रुपये भाडे. तीन हजारांचे तीन वर्षे चालले तर सुमारे ८३ रुपये. या हिशेबाने पाहिले की सुटीच्या आकड्यांची जादू उतरते. छापील कमाल किंमत कंपनी स्वतःच ठरवते. तिने ४,९९० छापायचे आणि तिनेच १,२९९ ला विकायचे, यात आपल्यावर उपकार कोणता?

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. आयपीएक्स४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारे, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकणारे. ही चाचणी साध्या पाण्याची असते, खारट घामाची नव्हे. म्हणून घामानंतर कोरड्या फडक्याने पुसावेत. एलडॅकसारख्या शब्दांसाठी जादा पैसे मोजण्याची व्याख्याने आणि फोन एवढेच ऐकणाऱ्याला गरज नाही. दुसऱ्याने वापरलेले बड न पुसता कानात घालू नयेत. कान वाहत असेल तर अजिबात घालू नयेत.

चौथा प्रश्न कागदाचा. वायरलेस इअरफोनला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आवश्यक आहे. 'आर' या इंग्रजी अक्षरापुढे आठ अंकी नोंदणी क्रमांक असतो आणि ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोफत अॅपवर तो तपासता येतो. खोक्यावर कमाल किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, उत्पादनाचा देश आणि तक्रारीचा क्रमांक असणे कायद्याने बंधनकारक आहे. पदपथावर तीनशे रुपयांत मिळणाऱ्या नामांकित कंपनीच्या हुबेहूब नकलेवर यातले काही खरे नसते. पक्के बिल घ्यावे. सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे का, हरवलेला एक बड सुटा मिळतो का आणि कितीला, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. वॉरंटीत टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. हक्क कागदावर असून वापरला नाही, तर तो असून नसल्यासारखाच.

शेवटचा प्रश्न आपण कधीच विचारत नाही. मेलेले बड जातात कोठे? घरच्या कचऱ्यातून ते घंटागाडीत जातात. तेथे दाबले गेल्यावर लिथियमचा सेल पेट घेऊ शकतो. तो कचरा उघड्या हातांनी कोण निवडतो, भंगारात वस्तू फोडून, वायर जाळून तांबे कोण काढतो, हे या पानाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ते हात कोणत्या घरांतले आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. ती सफाई कामगाराच्या फुप्फुसावर टाकलेली नाही.

युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी कायद्यात तारीख ठरवून दिली आहे. काही अपवाद वगळता १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. हे अशक्य आहे, असे कंपन्यांनी म्हणू नये. फेअरफोन या डच कंपनीने २०२४ मध्ये बॅटरी बदलता येणारे इअरबड्स बाजारात आणून दाखवले आहेत. मग भारतातील गिऱ्हाइकाने कमी का घ्यावे? बॅटरी बदलून मिळेल की नाही आणि सुट्या बडची किंमत किती, हे खोक्यावर ठळक छापण्याची सक्ती झाली पाहिजे. ही मागणी ग्राहक संघटनांनी, कामगार संघटनांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून लावून धरली पाहिजे.

तोपर्यंत एवढे करता येईल. प्रत्येक अभ्यासिकेत आणि वाचनालयात एक खोके ठेवावे. बंद पडलेले बड, चार्जर, बॅटऱ्या त्यात जमा कराव्यात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या केंद्राकडे पोहोचवाव्यात. जो नवीन घ्यायला निघाला असेल त्याच्यासोबत वरचे प्रश्न विचारू शकणारा एक जण दुकानात जावा. आणि वायरचा इअरफोन लावून बसलेल्या मुलाला किंवा मुलीला पुन्हा कोणी हसू नये. तिला जे ऐकायचे आहे ते त्यातूनही नीट ऐकू येते, आणि वाचलेल्या हजार रुपयांत परीक्षेची दोन-तीन पुस्तके येतात.